पित्ताम्लांच्या मोजणीची कहाणी

पित्त हा शब्द मराठी घरात दिवसातून एकदा तरी कानावर पडतोच. उपाशीपोटी दोन कप चहा झाला आणि छातीत जळजळले, की 'पित्त झाले'. अंगावर गांधी उठल्या, की 'पित्त उठले'. मुलाने उलट उत्तर दिले, की वडिलांचे 'पित्त खवळले'. यांपैकी पहिल्या प्रसंगी अपराध असतो जठरातील आम्लाचा, दुसऱ्या प्रसंगी बहुधा एखाद्या न मानवलेल्या पदार्थाचा, आणि तिसऱ्या प्रसंगी मुलाचा किंवा वडिलांचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा जो हिरवट-पिवळा, कडू रस, तो बिचारा तिन्ही ठिकाणी निर्दोष असतो. आयुर्वेदातील पित्त ही तर याहून पुष्कळच व्यापक कल्पना आहे. तिच्याशी आज आपले भांडण नाही. आज बोलायचे आहे ते या कडू रसातील एका विशिष्ट द्रव्याविषयी, आणि त्याहीपेक्षा, ते द्रव्य मोजण्यासाठी माणसाने पावणेदोनशे वर्षे ज्या खटपटी केल्या त्यांविषयी.

पित्तरसाला रंग असतो तो रंजकद्रव्यांचा. काविळीत डोळे पिवळे दिसतात ते या रंजकांमुळेच. आपल्याकडे जुन्या काळापासून मोलाचे मानलेले गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयातील खडा. त्याचा सुंदर पिवळा रंगही याच रंजकाचा. पण रंग हे पित्ताचे काम नव्हे. त्याचे काम करतात ती पित्ताम्ले, आणि ती शुद्ध स्वरूपात पांढरी असतात. रिठ्याचे पाणी केसांतील तेल जसे सोडवून नेते, तसे पित्ताम्ल आतड्यातील तूप, लोणी, तेल यांचे बारीक कण करून ते पाण्यात मिसळते. ते नसेल तर खाल्लेले स्निग्ध पदार्थ तसेच बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. के जीवनसत्त्व न मिळालेल्या तान्ह्या मुलाचे रक्त गोठत नाही. तेव्हा डोळ्यांना दिसणारा रंग एकाचा आणि काम दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था आहे. जे रंगाने दिसत नाही ते मोजायचे कसे, येथून आपली कहाणी सुरू होते.

तिचा पहिला मुक्काम जर्मनी, आणि कच्चा माल कत्तलखान्यातील बैलाचे पित्त. हायडेलबर्ग येथे टीडमान आणि ग्मेलिन या जोडीने पचनक्रियेवरचा आपला मोठा ग्रंथ १८२६-२७ च्या सुमारास प्रसिद्ध केला. बैलाच्या पित्तातून त्यांनी एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले होते. पुढे त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून टॉरिन म्हणू लागले. १८४८ साली श्ट्रेकर या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पित्तातील मुख्य आम्ल सुटे हिंडत नाही. ते कधी टॉरिनशी तर कधी ग्लायसिन या द्रव्याशी जोडलेले असते. हे दोन जोडीदार श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत, कारण व्याख्यानाच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहेत.

याच काळात, १८४४ साली, माक्स फोन पेटेनकोफर नावाच्या सव्वीस वर्षांच्या बव्हेरियन तरुणाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पित्ताम्ल असलेल्या द्रावणात थोडी साखर घालायची आणि जपून, थेंबथेंब, तीव्र गंधकाम्ल सोडायचे. पिकलेल्या चेरीसारखा लाल आणि मग जांभळा रंग चढतो. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते रंगवून दाखविण्याची युक्ती हाती आली. हाच पेटेनकोफर पुढे म्यूनिकचा मोठा आरोग्यशास्त्रज्ञ झाला. रोबेर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू निश्चित केला, तो मत त्याला पटले नाही. नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही, जमीन आणि भूजल यांचीही साथ लागते, असे तो म्हणे. आणि ते सिद्ध करण्यासाठी १८९२ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण सर्वांसमक्ष पिऊन टाकले. थोडे पोट बिघडले, इतकेच. माणूस हट्टी खरा, पण स्वतःच्या मतासाठी स्वतःचे पोट पणाला लावणारे शास्त्रज्ञ फार नसतात.

त्याच्या कसोटीची खोड मात्र लवकरच उघडकीस आली. काही स्निग्धाम्ले आणि प्रथिनेसुद्धा साखर-गंधकाम्लाने तसाच रंग देतात. म्हणजे रंग चढला तर पित्ताम्ल असेलच असे नाही. दुसरी एक कसोटी आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केली आहे: हे नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाची. परीक्षानळीत लघवी घ्यायची आणि तिच्यावर गंधकाची बारीक भुकटी भुरभुरायची. एरवी ती तरंगते. पित्तक्षार असतील तर पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ती पावसासारखी खाली बसते. पाहायला मोठी गमतीची कसोटी, पण नळीला साबण राहिला असला, किंवा नमुना टिकावा म्हणून त्यात थायमॉल घातले असले, तरी भुकटी बुडतेच. गंधकाला पृष्ठताण कळतो. तो कोणी कमी केला हे कळत नाही.

मोजणी एवढी अवघड का, हे समजण्यासाठी एक हिशेब पाहू. मोरिट्झ शिफ याने १८७० साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले, की आतड्यात उतरलेले पित्ताम्ल वाया जात नाही. ते शोषले जाऊन यकृताकडे परत येते आणि पुन्हा पित्तातून खाली उतरते. पंढरीची वारी वर्षातून दोनदा मोठी भरते. ही वारी दिवसातून सहा ते दहा वेळा घडते. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून सुमारे अडीच-तीन ग्रॅम पित्ताम्ल असते, आणि तेच पुन्हापुन्हा राबविले जाते. रोज जेमतेम अर्धा ग्रॅम बाहेर जाते आणि यकृत तेवढे नवे घडविते. ही वारी यकृत आणि आतडे यांच्यामधल्या वाटेनेच चालते. बाकीच्या रक्तात येतात ते चुकलेमाकले वारकरी. निरोगी माणसाच्या एक लिटर उपाशीपोटीच्या रक्तद्रवात साखर सुमारे एक ग्रॅम असते. पित्ताम्ले असतात चार-पाच मिलिग्रॅमहून कमी. यकृत आजारी पडले की हे चुकार वारकरी वाढतात. म्हणून डॉक्टरला हवा असतो तो हाच आकडा, आणि नेमका तोच इतका लहान, की पेटेनकोफरच्या रंगाला आणि गंधकाच्या भुकटीला तो रक्तात कधीच दिसला नाही.

मोजण्यापूर्वी मोजायच्या वस्तूची घडण कळायला हवी. या कामी म्यूनिकचे हाइनरिख वीलांट यांनी अनेक वर्षे घालविली आणि त्यांना रसायनशास्त्राचे १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की त्यांनी मांडलेली रचना चूक होती. १९३२ साली बर्नाल यांनी क्ष-किरणांनी याच कुळातील एका द्रव्याचे मोजमाप केले, तेव्हा रेणू त्या रचनेत बसेना. त्याच वर्षी लंडनच्या रोझेनहाइम आणि किंग यांनी आणि खुद्द वीलांट यांनीही ती दुरुस्त केली. पारितोषिक परत मागितले नाही हे योग्यच झाले. चुकीच्या नकाशानेही त्यांनी पुष्कळ मुलूख खरा पाहिला होता.

त्या रचनेचे आपल्यापुरते चित्र असे. एक लांबट फळी आहे, आणि तिला खुंट्या ठोकल्या आहेत. मुख्य पित्ताम्लाला तीन खुंट्या: तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या जागी. तिन्ही फळीच्या एकाच अंगाला. खुंट्यांचे अंग पाण्याला आवडते आणि गुळगुळीत अंग तेलाला. फळीचा सारा गुण यातच आहे. तिसऱ्या जागची खुंटी कोणत्या अंगाला आहे, हा प्रश्न या क्षणी क्षुल्लक वाटेल. पुढे त्याच्यावर मुलांचे प्राण अवलंबून होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर हत्यारे झपाट्याने सुधारली. १९४३ साली अमेरिकेत ब्लॉख, बर्ग आणि रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनाची खूण केलेले कोलेस्टेरॉल कुत्र्याला दिले आणि ती खूण पित्ताम्लात सापडली. पित्ताम्ल कोलेस्टेरॉलपासून बनते हे ठरले. कोलेस्टेरॉलची भीती आता घरोघर शिरली आहे, पण शरीर त्याची विल्हेवाट मुख्यतः याच वाटेने लावते, हे थोड्यांना ठाऊक असते. स्वीडनमध्ये बेरिस्ट्रम यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी याहून पुढचे पाऊल टाकले. श्योवाल यांनी कागदावर द्रावण चढवून पित्ताम्ले एकमेकांपासून वेगळी काढली. लिंडस्टेट यांनी १९५७ साली जिवंत माणसाच्या शरीरातील एकूण साठा मोजला, आणि तोही पोटाला हात न लावता. विहिरीत पाणी किती हे उपसल्यावाचून कळायचे असेल, तर तांब्याभर रंगीत पाणी तिच्यात ओतावे, ढवळू द्यावे, आणि मग एक पेला काढून रंग किती फिका झाला ते पाहावे. लिंडस्टेट यांचा रंग म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन, आणि ढवळणारा हात म्हणजे ती दिवसातून अनेकदा फिरणारी वारी. १९६० साली अमेरिकेत पित्ताम्लांची वाफ करून ती लांब नळीतून पाठवून वेगळी करण्याची पद्धत निघाली. या साऱ्या पद्धती अचूक, पण वेळखाऊ. एका नमुन्यासाठी एक विद्वान दोन दिवस खपणार. रुग्णालयाला तेवढी सवड कोठून असणार?

ती सवड एका मातीतल्या जंतूने मिळवून दिली. पॉल टॅलले आणि सहकारी अमेरिकेत अशा जंतूचा अभ्यास करीत होते, की जो टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर जगतो. १९५६ साली त्यांनी त्याच्यातून एक विकर शुद्ध केले. हे विकर फळीच्या तिसऱ्या जागची खुंटी ओळखते आणि तिच्यावर रासायनिक क्रिया करते. क्रियेबरोबर एक मदतनीस द्रव्य बदलते; ते जंबुपार प्रकाश शोषते, आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून किती खुंट्या होत्या ते कळते. १९६४ साली जपानमध्ये इवाता आणि यामासाकी यांनी हे विकर रक्तातील पित्ताम्ले मोजण्यासाठी वापरले. जपानला या विषयाची ओढ जुनी आहे. अस्वलाचे वाळलेले पित्त हे तेथील परंपरागत औषध, आणि १९२७ साली ओकायामा येथे शोदा यांनी अस्वलाच्या पित्तातून वेगळे काढलेले आम्ल, अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, आज जगभर यकृताच्या आजारांत गोळ्यांच्या रूपाने दिले जाते. आता ते रासायनिक रीतीने तयार करता येते, त्यासाठी अस्वल मारावे लागत नाही.

विकराची पद्धत स्वस्त, जलद, यंत्रावर चढविण्याजोगी. आजही दवाखान्यातून 'एकूण पित्ताम्ले' अशी चिठ्ठी जाते, तेव्हा बहुधा याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाने काम होते. आणि ते काम किती मोलाचे आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांना तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते, रात्री अधिक. घरातील वडीलधारी बाई म्हणते, 'पित्त उठलं असेल गं, आमसुलाचं पाणी लाव.' पण अंगावर गांधी नसतात. असतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. अशा वेळी रक्तातील पित्ताम्ले मोजली पाहिजेत, कारण येथे, भाषेच्या इतिहासात अपवादानेच, खरोखरीचे पित्त अडलेले असते. २०१९ साली लॅन्सेटमध्ये हजारो अशा स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. एकच मूल पोटात असलेल्या ज्या स्त्रियांचा आकडा लिटरमागे ४० मायक्रोमोलच्या आत होता, त्यांच्यात मूल पोटात दगावण्याचे प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के, १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ३.४४ टक्के. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना या आकड्याने धीर मिळतो, आणि थोड्यांच्या बाबतीत तो डॉक्टरला सांगतो, की प्रसूतीसाठी थांबू नका.

पण हा आकडा वाचताना दोन गोष्टी विचारायला हव्यात, आणि त्या पुष्कळदा विचारल्या जात नाहीत. रक्त उपाशीपोटी घेतले की जेवणानंतर? जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावते, वारी निघते आणि निरोगी माणसाचाही आकडा चढतो. म्हणून ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली जेवणाचा विचार धरून गर्भवतीसाठी १९ ही मर्यादा ठरविली. आणि दुसरे, ती अस्वलाच्या नावाची गोळी चालू आहे का? गोळीतल्या आम्लालाही तिसऱ्या जागी तीच खुंटी असते. विकर बिचारे खुंटी मोजते. ती रुग्णाच्या यकृतातून आली की औषधाच्या दुकानातून, हे त्याला सांगता येत नाही.

आता त्या मुलांकडे येऊ. जन्मानंतर काही आठवड्यांत कावीळ, वजन वाढत नाही, कधी रक्तस्राव, आणि हळूहळू यकृत निकामी. अशी मुले पूर्वीही दगावत, कधी एकाच आईची एकामागून एक. आणि कागदावर 'नवजात अर्भकाचा यकृतदाह, कारण अज्ञात' असे लिहिले जाई. कोणत्याही कारणाने पित्त अडले की रक्तातील पित्ताम्ले चढतात हा नियम. यांतील काही मुलांचे रक्त विकराने तपासावे तर आकडा कमी! कावीळ डोळ्यांसमोर, आणि पित्ताम्ले जवळजवळ नाहीतच.

१९८७ साली लंडनचे पीटर क्लेटन, अमेरिकेतील सेट्चेल आणि त्यांचे सहकारी यांनी अशा एका मुलाची लघवी वस्तुमान-वर्णपटमापकात घातली. हे यंत्र खुंटी शोधत नाही. वेगवान अणूंचा मारा करून ते रेणू उडविते आणि जो उडेल त्याचे वजन करते. ओळखीचा असो वा नसो. लघवीत अनोळखी वजनांची गर्दी दिसली. मुलाच्या यकृतात एक विकर जन्मतःच नव्हते, त्यामुळे पित्ताम्ले अर्धवट घडून बाहेर पडत होती, आणि त्यांच्या तिसऱ्या जागची खुंटी फळीच्या उलट्या अंगाला होती. मातीतल्या जंतूचे विकर सरळ अंगाच्या खुंट्या मोजीत होते. उलट्या खुंट्यांचा सारा ढीग त्याच्यासमोरून गेला आणि त्याने शून्याच्या जवळचा आकडा लिहिला. पुढच्याच वर्षी सेट्चेल यांनी जुळ्या मुलांमध्ये याच घडणीतील दुसऱ्या एका पायरीचा दोष शोधून काढला.

उपचार इतका साधा निघाला, की ऐकून वाईट वाटते. यकृताला पुरेसे पित्ताम्ल परत येताना दिसले नाही, की ते कोलेस्टेरॉलपासून अधिकाधिक नवे घडवू पाहते. येथे प्रत्येक प्रयत्नातून तोच अर्धवट, विषारी माल निघतो. तयार पित्ताम्ल तोंडाने दिले, की यकृत समजते की पुरवठा झाला, आणि कारखाना मंद करते. वेळीच निदान झालेली मुले या औषधावर मोठी झाली आहेत. यकृत बदलण्याची पाळी आली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली कोलिक आम्लाला या कामासाठी मान्यता दिली. म्हणजे ज्या द्रव्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ बैलाचे पित्त आटवीत बसले होते, तेच हे. बाटलीत भरून ठेवलेले औषध दीडशे वर्षे हाताशी होते. ते कोणाला द्यायचे, एवढेच कळत नव्हते. हे रोग फार विरळ आहेत हे खरे. पण काविळीचे तान्हे मूल आणि पित्ताम्लांचा कमी आकडा अशी जोडी समोर आली, तर 'अहवाल चांगला आहे' असे म्हणून कागद बाजूला ठेवणारा डॉक्टर आणि चपापून लघवीचा नमुना पुढे पाठविणारा डॉक्टर, यांच्यात त्या एका मुलापुरते केवढे अंतर पडते!

अलीकडे द्रवाच्या नळीतून वेगळे करणे आणि लगेच वजन करणे या दोन्ही क्रिया एकाच यंत्रात होतात, आणि रक्ताच्या काही थेंबांत अनेक निरनिराळी पित्ताम्ले एकाच वेळी मोजता येतात. १९९९ साली पित्ताम्लांना ओळखणारे खास ग्राहक-प्रथिन पेशीकेंद्रात सापडल्यापासून तर त्यांना नुसता साबण म्हणणेही अवघड झाले आहे. ती संप्रेरकांसारखे निरोपही पोहोचवितात.

मघाचे दोन जोडीदार आता पुन्हा घेऊ. १८४८ पासून प्रत्येक पाठ्यपुस्तकाने सांगितले, की माणसाचे पित्ताम्ल ग्लायसिनशी जोडलेले असते किंवा टॉरिनशी. प्रयोगशाळांनी त्या दोहोंसाठी प्रमाण-द्रावणे करून ठेवली आणि तेवढीच मोजली. २०२० साली नेचर या पत्रात अमेरिकेतील संशोधकांचा एक लेख आला. जंतुविरहित वाढविलेले उंदीर आणि नेहमीचे उंदीर यांची तुलना करताना, नेहमीच्या उंदरांच्या आतड्यांत पित्ताम्ले फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ल्युसिन या आणखी तीन जोडीदारांशी जोडलेली सापडली. ती जोडणी यकृताने नव्हे, आतड्यातील जंतूंनी केली होती. ही द्रव्ये माणसात आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी नव्याने नमुने गोळा करण्याआधी इतर शास्त्रज्ञांनी पूर्वी नोंदवून ठेवलेली, सर्वांना खुली असलेली मोजमापे चाळली. ती तेथे होती. यंत्रांनी त्यांची वजने केव्हाच लिहून ठेवली होती. त्या रेघांसमोर नाव तेवढे लिहिलेले नव्हते.